रिकामी टुकनी

लाख म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून काही उपयोग नाही. कुसुमाच्या झाडाच्या कोवळ्या डहाळीवर एक किडा बसते, राईच्या दाण्याहून लहान. बसला की उठत नाही. तिथंच रस पीत राहते आणि अंगाभोवती डिंकासारखं कवच करते. असे अगणित किडे एकाला एक चिकटून बसले की डहाळी जाड, खरबरीत, तांबूस दिसते. तीच लाख. बांगडीवाले आणि सोनार तिच्यासाठी जीव टाकतात. कवच पिकलं की आतून पिल्लं निघतात, लाल, धूळ उडून बसावी अशी. त्यांना लगेच दुसरी कोवळी डहाळी पाहिजे, नाही भेटली तर मरतात. म्हणून पिल्लं निघायच्या आधी पिकल्या डहाळीचे तुकडे कापायचे, त्यांची जुडी बांधायची आणि रिकाम्या झाडावर नेऊन लावायची. या जुडीला आमच्या इकडे बीहन म्हणतात, म्हणजे बियाणं. इतकं समजलं की झालं.

हे मी माझ्या बायकोला, इंदूला, एवढ्या वेळा सांगितलं होतं की ती म्हणे, "मले काहून सांगता रोज? कागदावर लिहून ठेवा ना." मी म्हणे, सातवीत शाळा सोडलेला माणूस काय लिहिणार. आता ऐकणारी नाही, म्हणून लिहून राहिलो. अक्षर वाकडं आहे. कोणाला वाचायचं असेल तर वाचावं.

आम्ही रायपूरला पुरानी बस्तीत राहत होतो, देवळामागच्या गल्लीत, दोन खोल्यांत. पहाटे देवळाची घंटा, मग नळावर बायांच्या पाण्याच्या गुंडांचा, पितळी भांड्यांचा, आवाज, मग बाबांचा खोकला. बाबा रेल्वेत जड सामान उचलणाऱ्या टोळीचे मिस्त्री होते. चाकं, बॉयलर, लोखंडी तुळया, जे माणसाच्या बापाच्यानं उचलत नाही ते दोरानं बांधून उचलायचं, हे त्यांचं काम. घरात सुतळीचा तुकडा पडलेला दिसला तरी ते त्याला गाठ मारत. आईच्या मसाल्याच्या पुड्या, माझं दप्तर, उंदराचा पिंजरा, सगळं त्यांच्या गाठींनी बांधलेलं. सोडायला गेलं की नख तुटे. ते मूळचे गोंदियाकडचे, आणि त्यांच्या डोक्यात एकच होतं, आपण रेल्वेचे माणसं होय. छेरछेऱ्याच्या दिवशी, पौष पुनवेला, इकडे लहानमोठे सगळे टुकन्या, म्हणजे बांबूच्या टोपल्या, घेऊन दारोदार नव्या पिकाचं धान मागतात. मागणाऱ्याला कोणी कमी समजत नाही, मोठमोठ्या घरची पोट्टी त्यात असतात. बाबा त्या दिवशी मला घरात कोंडत. बाहेर पोरांचा गलका, आणि मी आत खिडकीच्या गजाला लटकलेला.

मी तेव्हा मिसरूड फुटलेला, शाळा सोडलेला, कामधंदा नसलेला. अंगात नुसती खाज. घरात बसलं की उठावं वाटे, गोल बाजारात गेलं की परत यावं वाटे. आई म्हणे, याच्या पायात भोवरा आहे. बाबा म्हणत, याला रेल्वेत सामान उचलणारा खलाशी म्हणून चिकटवून देतो, भोवरा आपोआप थांबते. ते ऐकलं की मी घराबाहेर पडे. एकच जागा होती जिथं माझे पाय थांबत, ती म्हणजे अभनपूरच्या पलीकडचं आमचं जंगल.

जंगल म्हणजे फार काही नाही. बाबांचे एक मामा अभनपूरला धानाच्या व्यापारात होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. मरताना कुसुमाच्या झाडांचा एक तुकडा त्यांनी बाबांच्या नावावर केला. आमच्या तुकड्याला लागून बिसाहूची झाडं, त्याला लागून फुलबाईची, पुढे आणखी दोन-तीन घरांची. मध्ये कुंपण नाही. कोणाचं झाड कोणतं, हे ज्याच्या त्याच्या डोक्यात. बिसाहू मोठा, शांत, तोंडात सतत काहीतरी चघळणारा. फुलबाई विधवा, काळीसावळी, जिभेला हाड नसलेली. ह्या लोकांच्या काही रीती होत्या. एक म्हणजे लाख तोडताना प्रत्येक झाडावर एक फांदी सोडायची, बियाण्याची. दुसरी म्हणजे आपल्या झाडावर बीहन आपण बांधायचं नाही. माझ्या झाडावर तू बांध, तुझ्या झाडावर मी बांधतो. म्हणजे कोणी कोणाच्या झाडाचं वाईट चिंतत नाही, कारण त्याचं पीक तुझ्या हातचं आहे. तिसरी रीत पुढे सांगतो, तिच्यावरच सगळं अडलं.

पहिल्याच उन्हाळ्यात बाबांनी घोळ केला. लाख पिकायला अजून वेळ होता, पण बाबांची सुट्टी मंजूर झाली होती. त्यांच्या हिशेबानं सुट्टी मंजूर झाली म्हणजे लाख पिकली. आम्ही दोघं कोयते घेऊन लागलो. बाबा खालून ओरडत, "ती डहाळी राहिली. ती बी. वरची बी." एक काडी सोडली नाही. कारखान्यात पाळी संपली की जागा जशी साफ करत, तशी त्यांनी झाडं साफ केली. बिसाहू आपल्या झाडाखाली उभा राहून पाहत होता. शेवटी त्याच्यानं राहवलं नाही.

"एक ठन डारा छोड़ दे गा मिस्तरी," तो म्हणाला. "बीहन कहाँ ले आही?"

एक फांदी सोड, बियाणं कुठून येईल, असं तो म्हणत होता. बाबा हसले. म्हणाले, "हे लोक आळशी. वर चढायचा कंटाळा येते, म्हणून म्हणतात फांदी सोडली."

त्या महिन्यात घरभर लाखेचा वास होता. काड्यांवरून लाख खरवडायची, खर्र खर्र, सकाळपासून. आईचे तळवे लाल झाले, पोळीला लाल बोटं उमटत. पण लाख कच्ची होती. गोल बाजारातल्या दुकानदारानं ती बोटांनी चुरली, नाक मुरडलं आणि थैला बाजूला सारला. त्यानंतर पंधरवडाभरात बाकीच्यांची लाख पिकली, सगळे एकमेकांच्या झाडांवर बीहन बांधायला लागले, आणि आमच्याकडे बांधायला काडी नव्हती. बाबांनी बाजारातून कुठूनतरी बीहन विकत आणलं. त्यातली पिल्लं आधीच निघून मेली होती, नुसती पोकळ कवचं. आम्ही बापलेकांनीच ते आमच्या झाडांवर बांधलं. बाबांच्या गाठी इतक्या पक्क्या की त्या काड्या पावसाळाभर हलल्या नाहीत. आलं काहीच नाही.

मला राग येई तो या गोष्टीचा, की शेजाऱ्यांकडे बीहन होतं आणि ते देत नव्हते. एकदा मी फुलबाईला विचारलंच. ती पचकन थुंकली आणि म्हणाली, "तोर बाप आइस का?" तुझा बाप आला का. हीच ती तिसरी रीत. ज्याच्या झाडांवर लाख नाही, त्यानं रिकामी टुकनी घेऊन दुसऱ्याच्या झाडाखाली येऊन उभं राहायचं. बोलायचं काही नाही. समोरचा त्यात बीहन टाकते. त्याचे पैसे नाहीत, परतफेड नाही. पुढे कधी तुझ्या झाडाखाली कोणी येऊन उभा राहिला तर त्याला टाक. पण उभं राहिल्याशिवाय द्यायचं नाही. न मागता दिलं म्हणजे तुझी झाडं मेली असं तोंडावर म्हटल्यासारखं होते. मी हे घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "म्हणजे कटोरा घेऊन उभं राहायचं." पुढे बोलणं नाही.

झाडं रिकामी उभी राहिली आणि घरात माझ्या नोकरीचं बोलणं वाढलं. हिवाळ्यात एक लाकडाचा ठेकेदार बाबांना भेटला. झाडं त्याला देऊन टाकायची, मला खलाशात चिकटवायचं, एकदाची जंगलाची कटकट संपवायची, असं ठरलं. छेरछेऱ्याच्या दिवशी दुपारच्या गाडीनं ठेकेदाराला घेऊन जायचं आणि झाडांवर खुणा करून घ्यायच्या. मी जेवताना उठून गेलो. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. सोल्यांची भाजी होती, तुरीच्या ओल्या दाण्यांची, माझी आवडती. ती ताटात तशीच राहिली. आईनं ताट झाकून ठेवलं. आदल्या दिवशी संध्याकाळी बाबा कंदिलाची काच पुसत होते, तेव्हा ती म्हणाली, "उद्या मी सकाळच्या गाडीनं जाऊन राहिली जंगलात."

"काहून?"

"टुकनी घेऊन."

बाबांचा हात थांबला. "भीक मागायले?"

"उद्या तर मालगुजाराचं पोट्टंबी टुकनी घेऊन फिरते. ते का भिकारी झालं?"

"आपण रेल्वेचे माणसं होय."

"झाडाले माहीत नाही तुमी कोणाचे होय ते," आई म्हणाली, आणि पीठ मळायला बसली.

तेव्हा रायपूरहून अभनपूरला छोटी गाडी जात होती, रूळ इतके जवळ की खेळण्यातली वाटावी. आता राजधानी झाल्यावर तिकडे असा रुंद रस्ता झाला आहे की पलीकडे जायला म्हाताऱ्यानं देवाचं नाव घ्यावं. ती गाडी बंद झाली. माझी सून म्हणते, "बाबूजी, अच्छा हुआ, कितना टाइम लगाती थी." लावत होती, पण त्या वेळात माणूस मनात काय काय ठरवू शके. त्या सकाळी आई खिडकीशी बसली होती, मांडीवर रिकामी टुकनी, शेजारी फडक्यात बांधलेले दोन चिले, तांदळाच्या पिठाची धिरडी. मी दारात लटकलो होतो. दर स्टेशनावर उतरलो, दर स्टेशनावर चढलो. आई म्हणाली, "बस ना रे एका जागी. गाडी तुझ्यानं नाही चालून राहिली."

जंगलात पोचलो तेव्हा बिसाहू झाडावर होता. खाली फुलबाई आणि आणखी दोघं-तिघं काड्यांच्या जुड्या बांधत होते. लाख पिकली होती. पिकली की प्रत्येक कवचावर पिवळा ठिपका येते. तो आला म्हणजे पिल्लं निघायला आता उशीर नाही. आईनं डोक्यावर पदर नीट घेतला आणि बिसाहूच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली. टुकनी दोन्ही हातांत, पोटाशी धरलेली. बिसाहूनं वरून पाहिलं आणि परत आपल्या कामाला लागला. मला वाटलं, देत नाही. मला वाटलं, चल म्हणावं, निघू. माझ्या पायांना मुंग्या येत होत्या, मी एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत फेऱ्या मारत होतो.

फुलबाई म्हणाली, "मिस्तरिन, गोड़ पिरा जही. बइठ जा." पाय दुखतील, बस.

आईनं विचारलं, "उभंच राहायचं असते ना?"

"हव."

"मग उभी राहते."

फुलबाईनं हातातली जुडी खाली ठेवली. मग मोठ्यानं हसली आणि बाकीच्यांना म्हणाली, बाई शहरातली असली तरी रीतीची आहे. तेवढ्यात वरून बिसाहूनं एक अख्खी फांदी तोडली. उतरला, ती फांदी कापून तिचे तुकडे केले आणि एकेक तुकडा बघून, पिवळा ठिपका तपासून, टुकनीत टाकला. त्याच्या मागून फुलबाईनं टाकले, मग बाकीच्यांनी. टुकनी शिगोशीग भरली. आईचे हात जडावले तरी तिनं ती खाली ठेवली नाही, बिसाहूनंच तिच्या हातातून घेतली. म्हणाला, तुमची झाडं एक पीक आराम करून बसली आहेत, आता चांगली धरतील. मग माझ्याकडे वळला. "तैं हमर रूख म चघ, हमन तुँहर म." तू आमच्या झाडावर चढ, आम्ही तुमच्या.

मी आयुष्यात इतक्या झपाट्यानं काही केलं नसेल. बिसाहूच्या झाडावर चढलो तो माकडासारखा. वेलाच्या सालीनं जुड्या बांधायच्या, अशा की काडी फांदीला दोन्ही टोकांनी टेकली पाहिजे. मध्ये फट राहिली तर पिल्लं उतरतील कुठून. पलीकडे आमच्या झाडांवर बिसाहू, त्याचा भाऊ, आणखी दोघं. खालून फुलबाईच्या तोंडाचा पट्टा चालू. माझी डहाळी चुकली की म्हणे, "ये टूरा ल देख, बाँधथे के झूलथे?" हा पोरगा बांधतो की झुलतो. पहिल्यांदा माझे हात आणि पाय एकाच कामात होते. आणि तरी नजर सारखी पायवाटेकडे जात होती, कारण दुपारची गाडी यायची होती.

आली. शिट्टी ऐकू आली, आणि थोड्या वेळानं झाडांमधून बाबा येताना दिसले. अंगात रेल्वेचा कोट, पायात बूट, मागे ठेकेदार चुन्याचा डबा घेऊन. ठेकेदार आमच्या झाडांजवळ थांबला, मान वर केली आणि म्हणाला, "मिस्त्री जी, यहाँ तो सब पेड़ पर आदमी चढ़े हैं. निशान कहाँ लगाऊँ?"

बिसाहू वरूनच बोलला, आवाज न चढवता. "बीहन चढ़े रूख ल टंगिया नइ लगय."

बीहन चढलेल्या झाडाला कुऱ्हाड लागत नाही. बाबांना ते समजलं. त्यांनी आईकडे पाहिलं. आई खाली बसून उरलेल्या काड्यांची जुडी बांधत होती, तिनं मान वर केली नाही. मी फांदीवर जसा होतो तसाच थांबलो. एक शब्द इकडचा तिकडे झाला असता तर बाबा सगळ्यांना उतरवू शकत होते; झाडं त्यांचीच होती. माझी खलाशाची नोकरी आणि हे जंगल, दोन्ही त्यांच्या जिभेवर होतं. ते बराच वेळ आमच्या झाडाच्या खालच्या फांदीकडे बघत राहिले. मग पुढे झाले आणि तिथल्या एका जुडीला बोटानं हलवून पाहिलं.

"ही गाठ ढिली होय," ते म्हणाले.

बाबांनी ती गाठ सोडायला हात घातला, तशी फुलबाई ओरडली, "अपन रूख म अपन नइ बाँधय, मिस्तरी." आपल्या झाडाला आपण हात लावायचा नाही. आणि तिनं आपल्या झाडाकडे बोट दाखवलं. "तोर गाँठ बने हे त मोर रूख म चघ." तुझी गाठ इतकी चांगली असेल तर माझ्या झाडावर चढ.

बाबांनी तिच्या झाडाकडे वर पाहिलं. मग खाली बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. त्या नाड्याही त्यांच्या गाठीच्या, सहज सुटत नव्हत्या. फुलबाई कमरेवर हात ठेवून वाट पाहत होती. बूट निघाले, कोट निघाला, कोट त्यांनी आईकडे दिला. आईनं तो झटकून घडी घालून मांडीवर ठेवला, जणू रोजचंच आहे. बाबा फुलबाईच्या झाडावर चढले. म्हातारे नव्हते, पण झाडावर चढायची सवय नव्हती, धापा टाकत होते. वर बसून त्यांनी पहिली जुडी बांधली आणि ओरडले, "हे पाहा, अशी बांधायची. ओढलं की आवळते, पाहिजे तेव्हा एका झटक्यात सुटते." रिकामी झालेली जुडी पुढे उतरवावी लागते, तेव्हा सालीची गाठ कापावी लागे आणि कोवळी डहाळी जखमी होई. बाबांची ही गाठ घरातल्या गाठींसारखी नव्हती, टोळीतली होती, ती सुटत होती. आजही त्या भागात तशीच गाठ मारतात, तिला मिस्तरी गाठ म्हणतात. कोण मिस्तरी, ते कोणाला माहीत नाही.

ठेकेदार थोडा वेळ उभा राहिला, मग चुन्याचा डबा उचलून स्टेशनाकडे निघाला. फुलबाईनं त्याला मागून विचारलं, "कइसे गा, तहूँ चघबे का?" तू पण चढतोस का. सगळे हसले. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

परतीच्या गाडीत बाबा आणि आई समोरासमोर बसले होते. माझ्या खलाशाच्या नोकरीचं नाव त्या दिवशी निघालं नाही, पुढेही निघालं नाही. मी आयुष्यभर ती झाडं करून पोट भरलं. बाबांनी बऱ्याच वेळानं विचारलं, "तू का म्हटलं त्यायले?"

"काही नाही. उभी राहिली."

"बस?"

"बस."

बाबा खिडकीबाहेर पाहायला लागले. त्यांच्या अंगठ्याला लाल लागलं होतं. ते रुमालानं पुसत होते, निघत नव्हतं. आईनं उरलेला चिला त्यांच्यापुढे धरला. त्यांनी घेतला. आणि मी, मला आठवते, रायपूर येईपर्यंत एका जागी बसून होतो.

पुढे इंदू आली, आणि जुड्या बांधायचं काम तिनं घेतलं. तिची जुडी अशी की उलटी केली तरी काडी निसटत नसे. मी आणि ती, कित्येक हिवाळे आणि कित्येक उन्हाळे, लोकांच्या झाडांखाली. आमच्या झाडांखाली कोणी येऊन उभं राहिलं की तीच आधी उठे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी ती गेली. त्यानंतर मी जंगलात गेलो नाही. पाय जात नाहीत. आमच्या झाडांवरची लाख पिकली, पिल्लं निघाली, जुन्या भरलेल्या डहाळ्यांवर जागा न मिळून मेली, झाडं रिकामी झाली, हे मला घरात बसून कळत होतं. बिसाहूचा नातू फोन करतो. म्हणतो, "कका, बीहन पिंवरा गे हे." ठिपका पिवळा झाला. मी म्हणतो, हव. तो पुढे बोलत नाही, मी पुढे बोलत नाही. पाठवून देतो असं तो कधी म्हणणार नाही, रीत त्यालाही माहीत आहे. मुलगा म्हणतो, बाबूजी, आजकल तो मंगवा लेते हैं, घर पर आ जाता है. त्याला काय सांगू, पोकळ कवचं आम्ही एकदा बांधून पाहिली आहेत.

घरात बसवत नाही, बाहेर जाववत नाही. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत. सून म्हणते, बाबूजी, बैठ जाइए ना. आज सकाळी फळीवरून टुकनी काढली. आईचीच ती, बुड दोनदा विणून घेतलेलं. इंदूनं त्यात कांदे ठेवले होते. ते तसेच होते, कोंब फुटलेले. बराच वेळ हातात धरून उभा राहिलो. मग जमिनीवर ओतले, टुकनी पालथी करून झटकली, साली झाडून काढल्या. उद्या छेरछेरा आहे. सकाळी मुलाला म्हणणार आहे, मला गाडीनं तिकडे सोड आणि निघून जा. तिथं कोणी ना कोणी म्हणेल, कका, बस. बसणार नाही.